तलाठ्यापुरती स्वच्छता

भ्रष्टाचाराविरुद्ध कडक कायदे केले की अधिकारी सह्या करायचे थांबतात, फायली अडतात आणि देशाची वाढ खुंटते, असे आता आपल्याकडे बिनदिक्कत बोलले जाते. बोलणारे कोण? उद्योग परिषदांतले वक्ते, निवृत्तीनंतर स्तंभ लिहिणारे सनदी अधिकारी, वाहिन्यांवरचे अर्थविश्लेषक, आणि त्यांचे ऐकून तेच पुन्हा सांगणारे आपण सुशिक्षित, सुस्थित लोक. २०११ साली लोकपालासाठी झालेल्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात याच वर्गाने हातात मेणबत्त्या घेतल्या होत्या. त्या वर्षीचा राग खरा होता, असे मी मानतो. पण त्यानंतर या वर्गाचे मत हळूहळू फिरले, आणि ज्या युक्तिवादांवर ते फिरले ते टिकणारे नाहीत. ते नुसते ऐकून सोडून देता येणार नाहीत, कारण त्यांच्याच आडोशाने एकेक कायदा बोथट होत गेला आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तोंड उघडले.

या मताचा सर्वांत भक्कम आधार आधी घेतो. एच. सी. गुप्ता केंद्रात कोळसा सचिव होते. खाणवाटपाच्या खटल्यांत २०१७ साली त्यांना दोनदा शिक्षा झाली. सेवेतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्या सचोटीची ग्वाही दिली. चौकशीच्या भीतीचा विषय निघाला की सनदी अधिकाऱ्यांच्या वर्तुळात आजही पहिले नाव त्यांचे येते. या अस्वस्थतेत तथ्य आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातले कलम १३(१)(डी) असे होते की अधिकाऱ्याच्या निर्णयामुळे सार्वजनिक हित नसताना कुणाला आर्थिक लाभ झाला, तर त्याचा हेतू सिद्ध न करताही त्याला दोषी धरता येत होते. चुकलेला निर्णय आणि विकलेला निर्णय यांत फरक न करणारे कलम वाईटच. जुलै २०१८ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. ते योग्य झाले, आणि भ्रष्टाचारविरोधी चळवळीतल्या लोकांनीही हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

प्रामाणिक अधिकाऱ्याची तक्रार तिथे संपायला हवी होती. पण त्याच दुरुस्तीतून कलम १७अ आले. अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी घ्यायची, असे हे कलम सांगते. खटला भरण्यासाठी सरकारची मंजुरी लागण्याची तरतूद कायद्यात आधीपासून होती, आणि खोडसाळ खटल्यांपासून संरक्षण म्हणून ती पुरेशी होती. आता कागद तपासायलाही मंजुरी. ज्या सरकारच्या मर्जीने निर्णय झाला, बहुतेक वेळा त्याच सरकारकडे हात पसरायचा.

ही सवलत मिळवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना चौकशीपासून वाचवणारा ‘सिंगल डायरेक्टिव्ह’ नावाचा सरकारी आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात रद्द केला. २००३ साली तोच आदेश दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यात कलम ६अ म्हणून परत आला. मे २०१४ मध्ये घटनापीठाने तेही रद्द केले. हुद्दा पाहून भ्रष्ट अधिकाऱ्यांत उच्च आणि कनिष्ठ असा भेद करता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. चार वर्षांत १७अ आले, या वेळी सर्व हुद्द्यांसाठी. ‘धोरणलकवा’ हा शब्द मधल्या काळात इतका रुळला होता की या तिसऱ्या प्रयत्नाला आधुनिक सुधारणा म्हणून टाळ्या मिळाल्या.

या कलमातला अपवाद मात्र कुणी नीट वाचत नाही. लाच घेताना जागीच पकडले असेल तर पूर्वपरवानगीची गरज नाही, असा तो अपवाद आहे. वाचायला रास्त वाटतो. पण जागीच कोण सापडते? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या बातम्या आपण रोज वाचतो. अँथ्रासीन पावडर लावलेल्या नोटा, दोन पंच, तक्रारदाराची ठरलेली खूण, आणि रंगेहात सापडलेला तलाठी, हवालदार, ग्रामसेवक किंवा भूकरमापक. महाराष्ट्रात महसूल आणि पोलीस ही दोन खाती या यादीच्या माथ्यावर वर्षानुवर्षे ठाण मांडून आहेत. या अटका व्हायलाच हव्यात. बाप गेल्यावर वारसनोंदीसाठी आलेल्या पोरांकडून जो पैसे मागतो त्याची कीव करण्याचे कारण नाही. पण ज्याचा भ्रष्टाचार नोटांच्या पुडक्यात मावतो तोच सापळ्यात येतो. विकास आराखड्यातले आरक्षण उठवताना, चटईक्षेत्र वाढवून देताना, निविदेच्या अटी एकाच कंपनीच्या मापाने बेतताना कुणी दालनात बसून नोटा मोजत नाही. तिथे मोबदला वर्षभराने, दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्या शहरात पोचतो. तिथला पुरावा फायलीतल्या शेऱ्यांत असतो, आणि ती फाईल उघडण्यावरच कायद्याने पहारा बसवला आहे. माझा मुख्य आक्षेप हाच आहे: सुस्थित वर्गाला भ्रष्टाचारविरोध हवा असतो तो तलाठ्याच्या टेबलापर्यंत. त्यापुढे तो सरकला की त्याला विकासविरोधाचे नाव मिळते.

आता वेगाच्या दाव्याकडे. कोळशाच्या बाबतीत चौकशीने खाणी अडवल्या, असे सांगितले जाते. कागद वेगळे बोलतात. तेव्हाचे कोळसा सचिव पी. सी. पारख यांनी २००४ मध्येच खाणी लिलावाने देण्याची सूचना केली होती. ती वर्षानुवर्षे भिजत पडली आणि छाननी समितीच्या मार्गाने वाटप चालू राहिले. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनची २१४ वाटपे रद्द केली. त्यात बँकांचे पैसे अडकले, प्रकल्प अडकले. स्वच्छ पद्धत वेळेवर आणली असती तर ही वेळ आली नसती. लकवा भरला तो सुधारणा टाळल्यामुळे.

महाराष्ट्राला तर हे ठाऊक असायलाच हवे. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या रेट्याने आपल्याकडे जे कायदे आले, त्यांतला एक बदल्यांचा आणि दफ्तरदिरंगाईचा २००५ चा कायदा आहे. अधिकाऱ्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा स्थिर कार्यकाळ द्यावा आणि कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. मुद्दाम विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई त्यात आहे. २०१५ च्या सेवा हमी कायद्यात ठरल्या मुदतीत दाखला न देणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवस आणि उशिराला दिवसाला २५० रुपये. म्हणजे फाईल हलावी ही मागणीच मुळात भ्रष्टाचाराविरुद्ध लढणाऱ्यांची आहे. फाईल थांबवून ठेवणे हा लाच मागणाऱ्याचा धंदा आहे, कारण थांबलेल्या फायलीलाच भाव येतो.

तरीही ‘चिरीमिरीने गाडा चालतो’ हे मत इतके मुरलेले आहे की त्याला अर्थशास्त्राचा आधार आहे असे लोक समजतात. होता खरा. १९६० च्या दशकात नॅथॅनियल लेफ आणि सॅम्युअल हंटिंग्टन या अमेरिकी अभ्यासकांनी असे मांडले होते की ताठर नोकरशाहीत लाच वंगणासारखी उपयोगी पडते. पण १९९९ साली डॅनियल कौफमन आणि शांग-जिन वेई यांनी अनेक देशांतल्या कंपन्यांची पाहणी तपासली, तेव्हा उलटे दिसले. जास्त लाच देणाऱ्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांचा अधिकाऱ्यांशी वाटाघाटीत जास्त वेळ जात होता. देणारा दिसला की मागण्या वाढतात, हे कुठल्याही मध्यम कारखानदाराला विचारा. आणि गाडा चालतो तो कुठे जातो? दिल्लीत वाहन चालवण्याच्या परवान्यांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दलालामार्फत गेलेल्यांना बहुतेक वेळा चाचणीच द्यावी लागली नाही, आणि ज्यांना गाडी नीट चालवता येत नव्हती त्यांच्याही हाती परवाने आले. असे वाचवलेले चार दिवस रस्त्यावर कुणाच्या तरी जिवाने फेडले जातात.

दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य आहे, आणि म्हणून अधिक घातक. ‘लोकच भ्रष्ट आहेत, कायदा काय करणार? आधी समाजाचे चारित्र्य सुधारले पाहिजे.’ प्रामाणिक माणसेही हे म्हणतात. पण या म्हणण्यातून काय होते ते पाहा. सगळेच दोषी ठरले की कुणालाच जाब विचारता येत नाही. शंभर रुपये देऊन रांगेत पुढे सरकलेली बाई आणि नदीपात्रातली जमीन निवासी करून घेणारा एकाच पंगतीत बसतात. वर, चारित्र्य सुधारण्याचे काम पिढ्यांवर ढकलता येते आणि उद्याच्या विधेयकाबद्दल बोलायची गरज उरत नाही.

हाँगकाँगबद्दलही एकेकाळी हेच बोलले जात होते. तिथे आग विझवायला आलेले जवानही ‘चहाचे पैसे’ मागत. १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा ब्रिटिश पोलीस अधिकारी ४३ लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक मायेचा हिशोब देता येत नसताना इंग्लंडला पळाला. रस्त्यावर निदर्शने झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये पोलीस खात्यापासून अलग असा स्वतंत्र आयोग स्थापन झाला आणि पुढच्या जानेवारीत गॉडबरला परत आणून चार वर्षे तुरुंगात घातले. १९७७ मध्ये पोलिसांनी आयोगाच्या कार्यालयावर हल्ला केला, सरकारला जुन्या गुन्ह्यांसाठी अंशतः माफी द्यावी लागली. पण आयोग टिकला, आणि एका पिढीच्या आत ‘चहाचे पैसे’ रोजच्या जगण्यातून गेले. वसाहतीतला तो कारभार लोकशाही नव्हता, आपल्याला तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण लोकांचे चारित्र्य आधी बदलले आणि मग आयोग आला, असे तिथे घडलेले नाही.

आपल्याकडचे उदाहरण छोटे पण हातातले आहे. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. त्या एका उताऱ्यासाठी सज्जाच्या चकरा आणि चहापाणी थांबले. शेतकऱ्याचे चारित्र्य त्या वर्षी बदलले नव्हते, तलाठ्याचेही नाही. मात्र फेरफार, मोजणी आणि बिनशेतीच्या परवानग्या जिथे अजून माणसाच्या मर्जीवर आहेत, तिथे दर चालूच आहेत. तंत्रज्ञानावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे: संगणकाने उतारा देता येतो, पण आरक्षण का उठवले याचा जाब संगणक विचारत नाही.

लोकपालाबद्दल २०११ मध्ये विचारवंतांनी घेतलेला आक्षेप वेगळ्या जातीचा होता. एका निवडून न आलेल्या संस्थेकडे एवढी सत्ता गेली तर संसदेचे काय, हा प्रश्न गैर नव्हता, आणि जनलोकपालाच्या मसुद्यात अतिरेक होताच. पण पुढे काय झाले? १९६६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने शिफारस केलेली, १९६८ पासून विधेयकांत अडकलेली ही संस्था डिसेंबर २०१३ मध्ये कायद्यात आली. पहिला लोकपाल मार्च २०१९ मध्ये नेमला गेला. मे २०२२ मध्ये त्यांची मुदत संपल्यावर मूळचे पुण्याचे न्यायमूर्ती अजय खानविलकर येईपर्यंत, म्हणजे २०२४ उजाडेपर्यंत, पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. मंत्री, अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी कुटुंबीयांची मालमत्ता जाहीर करण्याचे त्याच कायद्यातले कलम २०१६ मध्ये कुणाच्या फारसे लक्षातही न येता सैल झाले. सर्वसत्ताधीश लोकपालाची भीती घालणाऱ्यांपैकी किती जण या दुबळेपणावर लिहिते झाले? महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने संमत केलेल्या लोकायुक्त विधेयकात मुख्यमंत्री आले याचे कौतुक झाले. त्यांच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागेल, हे कौतुकात बुडाले. ज्याच्यामागे बहुमत आहे त्याच्या चौकशीला दोन तृतीयांश मते कुठून यायची?

आपल्या वर्गाची खरी परीक्षा राजकीय पक्षांना निनावी देणग्या देऊ देणाऱ्या निवडणूक रोख्यांच्या वेळी झाली. २०१७ च्या वित्त विधेयकाने कंपन्यांच्या देणग्यांवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली आणि कुठल्या पक्षाला किती दिले हे ताळेबंदात दाखवण्याची गरजही काढून टाकली. रिझर्व्ह बँकेने धोक्याची सूचना दिली होती, ती बाजूला सारली गेली. विकल्या गेलेल्या रोख्यांच्या मूल्यातला नव्वद टक्क्यांहून मोठा भाग एक कोटीच्या रोख्यांचा होता. सामान्य देणगीदाराची गोपनीयता जपण्यासाठी ही योजना आहे हे म्हणणे तेवढ्याने निकालात निघायला हवे होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. मग देणारा आणि घेणारा यांची जोडी लावणारे क्रमांक उघड करण्याची वेळ आली, तेव्हा फिक्की आणि असोचेम या उद्योगांच्या संघटना ते लांबवण्यासाठी न्यायालयात धावल्या. न्यायालयाने त्यांचे ऐकले नाही. याच संघटनांच्या व्यासपीठांवरून सुशासनाची व्याख्याने होतात. आणि त्या मार्चमध्ये आझाद मैदानावर मेणबत्त्या घेऊन कोण आले होते? देशात कुणी कुणाला कोटी कोटी दिले याची यादी प्रथमच समोर होती, आणि आपण ती दोन दिवस चाळून बाजूला ठेवली.

‘शेवटी सगळे सुटतातच’ हे उद्गारही अशा वेळी कामी येतात. टू-जी खटल्यातले सगळे आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये सुटले, मग ते सगळे थोतांडच होते, असे आता सर्रास म्हणतात. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनी आपण वर्षानुवर्षे ग्राह्य पुराव्याची वाट पाहिली आणि तो आलाच नाही, असे लिहिले. हा ठपका तपासावर आहे. १२२ परवाने मनमानी वाटपासाठी रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल तसाच उभा आहे. कुलाब्याच्या आदर्श इमारतीचेही तेच. एकतीस मजल्यांत निवृत्त लष्करी अधिकारी, सनदी अधिकारी आणि राजकारण्यांचे नातेवाईक यांना घरे मिळाली होती. न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाला १०२ पैकी २५ सदस्य अपात्र आढळले, त्यांखेरीज बेनामी व्यवहारही आढळले. हे बाहेर येण्यात माहिती अधिकाराखाली मिळवलेल्या कागदांचा मोठा वाटा होता. ‘लोकच भ्रष्ट’ म्हणणाऱ्यांनी त्या यादीतले हुद्दे एकदा वाचावेत.

माहिती अधिकारावरचा घाला मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो आपल्या मातीतही लढून मिळवलेला हक्क आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनवायांतून ही मागणी उभी राहिली. गोव्याचा कायदा १९९७ चा, महाराष्ट्राचा २००२ चा, आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ऑगस्ट २००३ मध्ये, अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो देशभर नेला. त्यावर पहिला आघात २०१९ चा: माहिती आयुक्तांची पाच वर्षांची निश्चित मुदत गेली, आणि मुदत व वेतन, राज्यांच्या आयुक्तांचेही, केंद्र सरकार ठरवील असे झाले. दुसरा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून आला. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी माहितीलाच संरक्षण होते, आणि विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा त्यात दिलासा होता. हे सारे काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलातही आला. कलम ८(२) मध्ये व्यापक जनहिताचा मार्ग शिल्लक आहे, असे सरकार सांगते. तो मार्ग माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याच्याच मर्जीतून जातो, आणि मर्जीविरुद्ध दुसरे अपील करायचे तर महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे २०२३ मध्ये लाखाहून जास्त प्रकरणे तुंबलेली होती. बनावट लाभार्थ्यांची नावे, अधिकाऱ्याचा जातीचा दाखला, ठेकेदाराचे देयक, यांत वैयक्तिक नाही असे काय आहे?

याचे समर्थन करताना सुशिक्षित माणूस म्हणतो, ‘पण माहिती अधिकारवाले ब्लॅकमेल करतात.’ करतात, काही जण. बिल्डरची फाईल मागायची आणि मग तडजोड करायची, असा धंदा शहराशहरांत आहे. पण याच कायद्याचा वापर करून जमीन घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० च्या सकाळी तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली, आणि त्यांच्या मारेकऱ्यांना शिक्षा झालेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असताना आपल्या बैठकीत पहिलीच का निघते?

आणि ब्लॅकमेल थांबवायचेच असेल तर उपाय कायद्यातच आहे. खंडणी मागणाऱ्याकडे विकायला काय असते? इतरांना न दिसणारा कागद. बांधकाम परवाने, हस्तांतरणीय विकास हक्कांचे (टीडीआर) व्यवहार, आरक्षण बदलाचे प्रस्ताव आणि त्यांवरचे शेरे, निविदांचे तुलनात्मक तक्ते सर्वांना दिसू लागले की त्या कागदाची किंमत शून्य होते. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फायली पाहू देण्याची प्रथा सजग नागरिकांनी पाडून घेतली, ती याच विचाराने. खंडणीने हैराण झालेल्या बांधकाम व्यावसायिकांच्या मागणीपत्रात, उद्योगांच्या निवेदनांत आणि निवृत्त सचिवांच्या लेखांत पहिली मागणी ही असायला हवी: माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे माहिती आपणहून जाहीर करा, कुणी मागण्याआधी. त्यासाठी नवा कायदा नको, आयोग नको. कलम ४ ने प्रत्येक सरकारी कार्यालयाला या कामासाठी १२० दिवस दिले होते, आणि ती मुदत ऑक्टोबर २००५ मध्ये संपली.